भिंतीला पाठ

एप्रिलमधली दुपार होती, सव्वातीनचा सुमार. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराचं कुलूप काढून मी आधी आत गेले, हॉलच्या खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि मग दारात थांबलेल्या दोघांना 'या' म्हटलं. लिफ्ट नसलेली बिल्डिंग, जिना चढून दोघं घामाघूम झालेली. तो तिशीचा असेल, ती त्याच्याहून थोडी लहान. घर रिकामं होतं, लादीवर धुळीचा थर होता, तरी तिने चपला दाराबाहेर काढल्या. मला ते फार आवडलं. हॉल बघून झाला. स्वयंपाकघरात तिने ओट्यावर हात ठेवून उंची अजमावली, नळ सोडून पाहिला, खिडकीतून डोकावून खालचं आंब्याचं झाड त्याला दाखवलं. मग आम्ही आतल्या खोलीत गेलो. तिथे नव्या रंगाचा वास होता. अख्ख्या घरात फक्त त्याच एका खोलीत. दोघं खिडकीपाशी गेली, आणि मी चार पावलं चालून पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिले.

मला तसं उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. घरमालकाने नाही, ज्यांच्या हाताखाली मी घरांच्या एजंटचं काम शिकत होते त्या काकांनीही नाही. पाय आपणहून तिथे गेले. त्या भिंतीचं काय आहे ते मला ठाऊक होतं. जानेवारीत मी हे घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथे, कमरेच्या थोडं वर, ओलीचा मोठा डाग होता. रंगाचे पोपडे सुटलेले, बोट लावलं की खाली गिलाव्याची भुकटी. तेव्हा मी फोनवर सगळ्या खोल्यांचे फोटो काढले होते, त्यात तोही होता. मार्चमध्ये मालकांनी माणूस लावून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घेतली, वर रंगाचे दोन हात मारले. आता डाग दिसत नव्हता. नीट पाहिलं असतं, तर तेवढा पट्टा बाकीच्या भिंतीपेक्षा जरा जास्त गुळगुळीत आहे एवढं कळलं असतं. तेवढंही कळू नये म्हणून मी तिथे उभी होते. ती वळली आणि माझ्या खांद्यामागे बघत म्हणाली, "ताई, इथे कपाट बसेल ना?" मी म्हटलं, "बसेल की, सात फुटी बसेल." आणि जागची हलले नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आई म्हणाली, "पाठीला काय लागलंय गं तुझ्या?" गडद निळ्या कुर्त्यावर पांढऱ्या रंगाची भुकटी उठली होती. मी काही सांगायच्या आत तिने ती पदराने झटकून टाकली.

मी या कामात आले ती नोव्हेंबर 2024 मध्ये. त्याआधी मशीद बंदरजवळच्या एका कचेरीत 19 वर्षं हिशेब लिहीत होते. रोज सकाळी डोंबिवलीहून गाडी पकडायची, संध्याकाळी परतीच्या गर्दीत अंग चोरून उभं राहायचं, आणि हे असंच साठीपर्यंत चालणार असं धरून चालले होते. मग एके दिवशी मालकांच्या मुलाने धंदा आवरला. चौघांना हिशेब देऊन घरी पाठवलं. त्याचं वाईट वागणं म्हणता येणार नाही, पैसे वेळेवर दिले. पण पंचेचाळिशीच्या बाईला, जुन्या पद्धतीने टॅली करणारीला, नवी नोकरी मिळत नाही हे पुढच्या तीन महिन्यांत कळलं. मुलीच्या कॉलेजची फी समोर होती. काका आमच्या बाबांच्या ओळखीचे. स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर त्यांचं सहा बाय आठचं ऑफिस आहे, खरं तर एका जिन्याखालची जागा. काचेवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या: 'वन आरके, पहिला मजला, फॅमिलीसाठी', 'वन बीएचके रीसेल, ओसी आहे, शेअर सर्टिफिकेट तयार'. काका म्हणाले, "घरी बसून काय करणार? ये, बस इथे. बाईमाणूस असलं की घर बघायला आलेल्या बायका मोकळं बोलतात. मला ते जमत नाही." पहिला महिना मी नुसती बसले आणि ऐकलं.

ऐकायला त्या महिन्यात फार होतं. महापालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारावर महारेराचे, म्हणजे घरबांधणीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, नंबर मिळवलेल्या 65 इमारतींचं प्रकरण आमच्याकडे 2022 पासून गाजत होतं, आणि त्याच नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. आमच्या काचेबाहेर माणसं येऊन उभी राहायची. त्यांची घरं आम्ही विकलेली नव्हती, पण दार उघडं दिसलं की आत यायची. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये महारेराच्या साइटवरून काढलेली प्रिंट. नंबर दाखवायची. "हा बघा ना, आहे ना नंबर? सरकारचाच आहे ना?" एक गृहस्थ होते, बँकेचं कर्ज चालू, मुलगी दहावीला. त्यांनी तो कागद काउंटरवर ठेवून तळहाताने सरळ केला, पुन्हा पुन्हा, जणू सुरकुती गेली की घर वाचेल. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ते गेल्यावर काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "प्रत्येकाला ते घर कुणीतरी दाखवलं असणार. दार उघडून 'या' म्हणणारा कुणीतरी होताच." नंबर खरा असतो, त्याच्याखालचा कागद खोटा असू शकतो. नगररचना विभागात जाऊन परवानगीची खातरजमा करायला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस कुणी घालवला नाही.

आमच्या घरात 'दलाल' हा शब्द फार वाईट अर्थाने वापरला जायचा. बाबांचं ठरलेलं वाक्य होतं, दलालाच्या नादी लागू नये. त्याला कारण होतं. 1986 मध्ये आम्ही गिरगावातल्या चाळीतून डोंबिवलीला आलो, मी सात वर्षांची होते. चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही नऊ जण राहत होतो. डोंबिवलीचं घर म्हणजे स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा संडास, रांग नाही. घर बघायला गेलो त्या दिवसाचं मला थोडं आठवतं. रस्ता कच्चा होता, आईने साडी वर खोचली होती, पुढे चालणाऱ्या एजंटच्या काखेत रेक्झिनची काळी बॅग होती. बाबा भिंती वाजवून बघत होते, किंमत विचारत होते, गाडीच्या वेळा विचारत होते. आईने एकच प्रश्न विचारला. "पाणी किती वाजता येतं?" एजंट म्हणाला, "वहिनी, चोवीस तास. बघा," आणि त्याने नळ सोडला. पाणी आलं. आईने ओंजळ धरली, तोंडाला लावलं, आणि माझ्याही तोंडावरून हात फिरवला.

पाणी पहाटे यायचं, चारनंतर, पाऊण तास. त्या दिवशी गच्चीवरची टाकी भरलेली होती म्हणून नळ चालला, एवढंच. पुढची 11 वर्षं आई चार वाजता उठली. निळा ड्रम, दोन पिंपं, कळशा, हंडा, आणि शेवटी पातेली, वाट्यासुद्धा. झोपेत मला तो आवाज ऐकू यायचा, रिकाम्या ड्रममध्ये पडणारी धार आणि तो भरत जाईल तसा वर चढत जाणारा सूर. ड्रम भरला की धार मुकी व्हायची, आणि मला कळायचं की आता आई दुसरं पिंप ओढणार. बिल्डिंगला मोठी साठवण टाकी झाली आणि हे थांबलं. पण आई आजही, 74 व्या वर्षी, चारला जागी होते. नळ नाही भरायचा, काही नाही, उठून ओट्यापाशी उभी राहते. एका माणसाने अर्ध्या मिनिटात सांगितलेली एक गोष्ट तिच्या अंगात इतकी खोल गेली. त्या माणसाला ते कधी कळलंही नसेल. त्याच्या लेखी ते विकलं गेलेलं एक घर होतं.

म्हणून या कामाला लागताना मी मनाशी घोकलं होतं की मी तसं करणार नाही. परीक्षा दिली तेव्हाही हेच डोक्यात होतं. आता नुसतं दुकान टाकून बसता येत नाही. 2023 पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे, 20 तासांचं प्रशिक्षण, मग संगणकावर परीक्षा, ते प्रमाणपत्र हाती आलं की नोंदणी. व्यक्ती म्हणून नोंदणी करायला 10,000 रुपये आणि ती 5 वर्षं चालते. मी मुलीच्या टेबलावर बसून अभ्यास केला. इतक्या वर्षांनी वहीत समास आखला. कार्पेट एरिया म्हणजे काय, हे तोवर मी अंदाजाने बोलत असे. आता नीट कळलं: बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाल्कनी धरायची नाही. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि रेरा कायद्याचं कलम 10, एजंटाची कर्तव्यं. चुकीची माहिती देऊ नये, तोंडी, लेखी किंवा दृश्य स्वरूपात. 'दृश्य स्वरूपात' या शब्दांखाली मी लाल पेनने रेघ मारली होती. जाहिरातीतलं चित्र, नमुना फ्लॅट असं काहीतरी त्यांना म्हणायचं असेल. एप्रिलच्या त्या रात्री मी वही काढून ती ओळ पुन्हा वाचली, तेव्हा माझी पाठ डोळ्यांपुढे आली.

खरं तर ते कलम मला लागू नव्हतं. रेरा नव्या, नोंदणी झालेल्या प्रकल्पांसाठी. हे घर 1994 च्या बिल्डिंगमधलं, रीसेलचं. त्याला लागू होतो तो मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा. त्याच्या कलम 55 मध्ये म्हटलंय की मालमत्तेत मोठा दोष असेल, विकणाऱ्याला तो माहीत असेल, आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने बघूनही तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगायलाच हवा. विकणाऱ्याने. मधल्या माणसाचा त्यात उल्लेख नाही. मी हे दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की मी माझ्यासाठी पळवाट शोधते आहे.

हे काम मला आवडतं, हेही सांगायला हवं. इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. बंद घराचं दार उघडल्यावर जो पहिला श्वास येतो त्यावरून मला आता बरंच कळतं. कुंद, गोडसर वास आला तर बाथरूमच्या पाइपात काहीतरी आहे. नुसता धुळीचा, उन्हाने तापलेला वास आला तर घर कोरडं आहे, फक्त एकटं पडलंय. काही घरांतून देव नेल्यावरही महिनोन्‌महिने उदबत्तीचा वास देव्हाऱ्याच्या कोनाड्यातून जात नाही. लोक घर सोडताना काय मागे ठेवतात याला काही हिशेब नाही. कॅलेंडरचा खिळा, लोणच्याची रिकामी बरणी, एकदा तर दाराला बांधलेलं तोरण. चाव्या काकांच्या ऑफिसात फळीवर टांगलेल्या असतात, प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. माणसं आपल्या घराची चावी आपल्याकडे देऊन ठेवतात, पावतीसुद्धा मागत नाहीत. पहिल्यांदा ती फळी बघताना मला दडपण आलं होतं, आजही येतं. आणि माझा पहिला व्यवहार, एका भाड्याच्या वन आरकेचा. भाडेकरू आजी आणि तिची नात. करार नोंदवायला अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी आला. आजींचा अंगठा काही उठेना. आयुष्यभर चार घरची भांडी घासलेला हात, रेषाच पुसल्या गेलेल्या. मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. आजी प्रत्येक वेळी अंगठा पदराला पुसायच्या आणि "माफ करा हं" म्हणायच्या. शेवटी कोमट पाण्याने हात धुऊन, जरासं तेल लावून, सहाव्या खेपेला हिरवा दिवा लागला. त्या घराची माझी निम्मी दलाली 3,500 रुपये. नोटा घेऊन मी घरी आले आणि आईपुढे ठेवल्या. आईने आधी देवापुढे ठेवल्या, मग विचारलं, "पाणी किती वाजता येतं ते सांगितलंस ना त्यांना?" सांगितलं होतं. सकाळी सहा ते सात. त्या रात्री मी गाढ झोपले.

पण सगळंच तसं नाही. भाड्याचं घर असलं की मालक फोनवर पहिला प्रश्न विचारतात, "पार्टी कोण आहे?" माणूस काय करतो हे त्यांना नको असतं, त्यांना आडनाव हवं असतं. आडनाव सांगितलं की एक लहानसा थांबा येतो, तेवढ्या थांब्यात सगळं कळतं. फेब्रुवारीत एक मुलगा आला होता, हॉस्पिटलात नर्स, नुकतं लग्न झालेलं, मुसलमान. पगारपत्रक, पोलिस पडताळणीसाठीचे फोटो, सगळं फाइलमध्ये लावून आणलेलं. मी एका दिवसात पाच मालकांना फोन केले. तिघांनी 'सोसायटीचं जरा तसं आहे' म्हटलं, एकाने घर आता द्यायचं नाही म्हटलं, पाचव्याने फोनच ठेवला. मी त्या मुलाला सांगितलं की घरं गेली. त्याने फाइल बंद केली, रबरबँड लावला आणि शांतपणे म्हणाला, "ठीक है ताई, आपने कोशिश की." त्याला सगळं कळलं होतं. मी खोटं बोलले ते त्याला दुखू नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आता वाटतं, मला ते वाक्य उच्चारावं लागू नये म्हणून बोलले. मार्चमध्ये त्याला स्टेशनच्या पलीकडे घर मिळालं, माझ्यामार्फत नाही. ते कळल्यावर मला हायसंही वाटलं आणि शरमही वाटली.

तर ते दोघं. घर त्यांना पसंत पडलं. 38 लाखांना ठरत आलं होतं, कर्जाचे कागद बँकेत गेले होते, सँक्शन लेटर आलं की इसार द्यायचा आणि साठेखताची तारीख घ्यायची. घर तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, ती त्यांना मीच सांगितली. त्याने तिथेच फोनवर हिशेब केला, 38 हजार. "यात कपाट येईल," तो म्हणाला. दोन्ही बाजूंची एकेक टक्का दलाली, त्यातली निम्मी माझी, म्हणजे माझ्या वाट्याला येणार होते तेही 38 हजारच. तो आकडा मी मुलीच्या फीच्या कागदावर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवला होता. काकांनी एकदा म्हटलं होतं, घर विकायचं तर उन्हाळ्यात दाखवावं, घ्यायचं तर पावसाळ्यात बघावं. मी मनात मोजत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात नोंदणी झाली, तर पाऊस यायच्या आत चाव्या त्यांच्या हातात. मग भिंत त्यांची.

2025 चा पाऊस मे महिन्यातच आला. 26 तारखेला मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं जाहीर झालं, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. त्या रात्री धो धो पडत होता. आमच्या खिडकीवरच्या पत्र्याचा आवाज, खाली रिक्षांचे हॉर्न, आणि मी पंख्याकडे बघत पडलेली. पाऊस नैऋत्येकडून येतो, ती भिंत पश्चिमेची, बाहेरच्या गिलाव्याला भेग. पाणी आता कुठपर्यंत आलं असेल याचा मी अक्षरशः हिशेब करत होते. चार वाजता आई उठली. ओट्यापाशी भांडं वाजलं. मीही उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने काही विचारलं नाही, चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच चावी घेऊन गेले. आतल्या खोलीचं दार ढकलल्यावर रंगाचा वास नव्हता, मातीचा होता. डाग परत आला होता, जानेवारीपेक्षा मोठा. मध्ये गडद, कडेला पिवळसर रेघ, जुन्या साडीवर चहा सांडून वाळल्यासारखा. रंगाखाली पाण्याचा फुगा धरला होता, दोन रुपयांच्या नाण्याएवढा. मी एप्रिलमध्ये नेमकी तिथेच टेकले होते. कितीतरी वेळ मी त्या भिंतीसमोर उभी राहिले, या वेळी तोंड तिच्याकडे करून.

काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "चावी मालकाची आहे," ते म्हणाले. "मालकाने आपल्या भरवशावर दिली आहे. त्याचंही आपण काहीतरी लागतोच." ते खरं होतं. मालक काही लुबाडणारा माणूस नव्हता. ठाण्याला मुलाकडे राहायला गेलेला, बायकोच्या आजारात पैसे संपलेले, जिना चढवत नव्हता म्हणून घर काढलेलं. रंग त्याने फसवायला लावला की घर विकताना लोक लावतात तसा लावला, मला सांगता येणार नाही. बहुधा त्यालाही येणार नाही. थोड्या वेळाने काका म्हणाले, "एक कर. मला विचारून करू नकोस. विचारलंस तर मी नाही म्हणेन." आणि पेपर उघडून बसले.

मालकांना फोन मी केला. भिंतीचं सांगितलं, तुम्हीच त्यांना सांगा म्हटलं, नाहीतर मी सांगते. ते चिडले. "तुमचं काम घर विकण्याचं आहे, घराला नावं ठेवण्याचं नाही." मग आवाज खाली आला. "बाहेरून प्लास्टर करायला सोसायटी तयार नाही हो. सात वर्षं पत्रं लिहितोय. तिच्या डोक्याशी होती ती भिंत, आजारात. मी रोज पुसायचो." माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. शेवटी ते म्हणाले, "सांगा काय सांगायचं ते," आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी दोघं आली. छत्र्या दाराबाहेर टेकवल्या, तिने पुन्हा चपला काढल्या. जिन्यातच मी सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण जिन्यात तोंड उघडलं नाही. आतल्या खोलीत नेलं आणि बाजूला झाले. फोनमधला जानेवारीचा फोटो काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, "हे मला माहीत होतं. मागच्या वेळी मी इथे उभी होते." तो फोटोकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो राग बरोबर होता. "म्हणजे कपाटाचं विचारलं तेव्हा पण?" त्याने विचारलं. "हो," मी म्हटलं. तो खिडकीकडे गेला आणि पाठमोरा उभा राहिला. ती मात्र भिंतीपाशी गेली. तिने तळवा डागावर सपाट ठेवला, जसा आई तापलेल्या कपाळावर ठेवते तसा, आणि बराच वेळ ठेवला. काढला तेव्हा हाताला रंगाचे ओले तुकडे चिकटले होते. ते तिने दुसऱ्या हाताने एकेक काढले. खाली बघतच म्हणाली, "अजून काय आहे?"

मला आधी प्रश्न कळला नाही.

"अजून काय माहीत आहे तुम्हाला या घराचं?" ती म्हणाली. "सगळं सांगा. घ्यायचं की नाही ते नंतर बघू." आणि ती तिथेच, रिकाम्या खोलीत, लादीवर मांडी घालून बसली. बाहेर पाऊस लागलेला होता. तो खिडकीपासून वळला नाही, पण त्याने मान थोडी आमच्याकडे केली. मीही तिच्यासमोर खाली बसले, पर्स बाजूला ठेवली, आणि पाण्यापासून सुरुवात केली.